म्हैस, वेडी आणि कारकून

सोमवार, ९ जून

आज सकाळी आठ वाजून बावीस मिनिटांनी, सूरक्कोट्टैच्या पुढच्या वळणाला, माझं आयुष्य बदललं. वेळ पक्की आठवते. त्याच क्षणी चेन उतरली आणि मी घड्याळ बघून शिवी दिली होती.

शांभवीची बस आली नाही. ती माझ्या मामाची मुलगी. एप्रिलपासून ओरत्तनाडच्या तालुका कार्यालयात लागली आहे, रोज तेवीस किलोमीटर जाणं, तेवीस येणं. तंजावुरच्या जुन्या बसस्टँडवर अर्धा तास उभी राहून ती सरळ आमच्या घरी आली आणि अम्माला म्हणाली, "आत्या, श्रीकर मोकळा आहे की?" मी मोकळाच असतो. कॉलेज सोडल्यापासून सगळं गाव मला मोकळाच समजतं. सुंदरच्या गॅरेजमध्ये अर्धा दिवस हात काळे करतो, ते कोणी मोजत नाही.

अप्पांची शंभर सीसीची गाडी जवळपास माझ्याच वयाची. वळणाला तिने जीव टाकला. दुसरी कोणी असती तर बस धरून गेली असती. शांभवी ओढणी डोक्यावर घेऊन शेजारी उकिडवी बसली, मी चेन कशी चढवतो ते बघत राहिली, हे काय, ते कसाला, असं विचारत राहिली. मग उठून हात झटकले आणि म्हणाली, "श्रीकर, ही पुरे. चांगली गाडी बघ. रोज ओरत्तनाड जाऊन येण्यासारखी."

रोज म्हणाली. पुढे ओरत्तनाडपर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर होता. रस्त्याला खड्डे आहेत हे खरं. पण खड्डे संपल्यावरही होता.

आमच्यात मामाची मुलगी म्हणजे हक्काची. पाळण्यात होतो तेव्हापासून सगळे चिडवतात, तमिळमध्येही आणि मराठीतही. आतापर्यंत ती थट्टा होती. आज तिने स्वतः सांगितलं. रोज. एवढं स्पष्ट आणखी काय बोलायचं असतं मुलीने?

म्हणून ही वही काढली. अप्पांनी लहानपणी शिकवलेल्या मराठी अक्षरांत लिहितो आहे. आमच्या घरी सगळे मराठी बोलतात, वाचता कोणाला येत नाही. एक अप्पांना येतं, पण ते दुसऱ्याच्या वहीला हात लावणारे नव्हेत. तिजोरीला कुलूप नसलं तरी चालेल अशी सोय. कागद पातळ आहे, शाई पलीकडे उतरते, म्हणून एकाच बाजूला लिहीन.

बुधवार, ११ जून

अप्पांना गाडीचं बोललो. ते शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे उत्तर देण्याआधी मनात आकडेमोड करतात. शेवटी म्हणाले, "तुझ्या चौथ्या वर्षाच्या फीचे पैसे ठेवले आहेत. एकदाच आहेत. तेव्हा एकदाच विचार कर."

हे कॉलेजचं टुमणं संपत नाही. वर्कशॉपच्या तासाला सर सगळ्यांसमोर म्हणाले की तुझ्या हातात स्पॅनर म्हणजे माकडाच्या हातात माळ. मी स्पॅनर टेबलावर आपटला, टेबलाची काच फुटली. माफीचं पत्र लिहून दे म्हणाले. नाही लिहिलं. झालं. त्याला आता वर्ष होईल.

आज तीन शोरूम फिरलो. तीन गाड्या मनात भरल्या आणि तिन्हींनी डोकं फिरवलं.

पहिली म्हैस. साडेतीनशे सीसी, एकशे नव्वद किलो. गल्लीतून गेली की लोक वळून बघतात. मागची सीट रुंद, मऊ, शांभवीला सोफ्यासारखी. पण मेल वीधीच्या गर्दीत वळवायची म्हणजे खरीच म्हैस वळवल्यासारखं. ती म्हणेल तेव्हा वळणार.

दुसरी वेडी. चारशे सीसी. पुदु आरू कालव्याच्या काठाने चालवून बघितली. तिसऱ्या गिअरला जे काय झालं ते मराठीत लिहिता येत नाही. मागची सीट मात्र तळहाताएवढी, आणि सिग्नलला थांबलं की इंजिन पोटरी भाजतं. शांभवी मागे बसली तर तिला मला धरूनच बसावं लागेल. हा गुण की दोष, ठरवता येत नाही.

तिसरी कारकून. हीसुद्धा जवळपास तेवढ्याच सीसीची, पण वेळेवर येणार, वेळेवर जाणार, कोणाशी भांडणार नाही. क्लच लोण्यासारखा. शोरूममधला सतीशकुमार तिचंच गुणगान करत होता. पांढरा शर्ट, केसांना तेल, दर वाक्याला सर. मी म्हटलं, असली गाडी तुझ्यासारख्याने घ्यावी. तो हसला. मला हसणारी माणसं आवडत नाहीत.

शनिवार, १४ जून

मामाकडे गेलो. शांभवीला तिन्ही गाड्या सांगितल्या. ती अगदी मन लावून ऐकते. एरवी माझं कोण ऐकतं?

पण तिचे प्रश्न अजब. सीट जमिनीपासून किती उंच? मी म्हटलं वेडी आठशे तीस मिलिमीटर, म्हैस आठशे पाच, कारकून सातशे नव्वद. तिने लगेच उभी राहून पायाशी हात लावून मोजलं. म्हणाली, "थांबल्यावर पाय टेकायला हवा की." पुढे विचारते, पडली तर उचलता येईल काय, एकट्याने?

मी म्हटलं पाडतोय कोण? तरी दाखवलं. अप्पांची गाडी अंगणात आडवी केली. हाताने ओढायची नाही, तिच्याकडे पाठ करायची, ढुंगण सीटला लावायचं, एक हात हँडलला, एक मागच्या नळीला, आणि पायांनी मागे चालत यायचं. गाडी आपोआप उठते. मामी ओसरीवरून म्हणाली की जावयाचे खेळ बघा. वेंकूबाई मामी असं बोलते आणि मग स्वतःच जीभ चावते. शांभवी हसली नाही. म्हणाली, "पुन्हा दाखव."

सुंदरला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मागे बसणाऱ्याला पाय टेकायला कशाला हवा रे? मी म्हटलं बायकांची जात जपून असते. तो कार्बोरेटर साफ करायला लागला.

गुरुवार, १९ जून

शांभवीला तिन्ही गाड्यांचा तक्ता करून दिला. उंची, वजन, मायलेज, क्लच, गरम होणं, मागची सीट. पहाटे बसून केला. कोरा कागद सापडेना, म्हणून या वहीतलंच एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या.

स्टँडवर तिला दिला तेव्हा लक्षात आलं की सवयीने सगळं आपल्या अक्षरांत लिहिलंय. ती म्हणाली, "मज कोठे येतंय हे?" मी म्हटलं संध्याकाळी समजावतो. तेवढ्यात बस आली. तिने घडी करून पर्समध्ये टाकलं. खिडकीतून तिने कागद उलटसुलट करून बघितला तेवढं दिसलं.

शनिवार, २१ जून

संध्याकाळी जेवताना अप्पा एकदम म्हणाले, "वेडी फार वेगात जाते म्हणजे किती वेगात?"

हे नाव अप्पांना कसं कळलं? सुंदर बोलला असेल. त्याच्या तोंडाला झाकण नाही. मी आकडा सांगितला. अप्पांनी मान हलवली, ताक प्याले आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे तुझं. श सुधार. तुझा श नेहमी पडायला आलेला असतो."

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आज कशी आठवली कोण जाणे. वय होत चाललंय त्यांचं.

शुक्रवार, २७ जून

शांभवी सहा दिवस आमच्याकडे आली नाही. स्टँडवर भेटली तर "उशीर होतोय" म्हणून बसमध्ये चढते. बोलते, पण कोणी परीक्षेला बसवल्यासारखी माझ्या तोंडाकडे बघत राहते, मी काही बोलेन म्हणून. मी काय बोलणार? काल तिला वेडीच्या टॉर्कबद्दल सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "आणखी काही?" मी म्हटलं, म्हैस वळवायला जड आहे. ती बसमध्ये चढली.

काय चुकलं? मागचं चाळून बघावं म्हणून वही उलटली. पंधरा तारखेचं काहीच दिसत नाही. त्या रविवारी मी पुष्कळ लिहिलं होतं असं वाटत होतं. लग्नापर्यंतचं सगळं, तिच्या हाताबद्दल, असलं काहीतरी, जे तोंडाने दुसऱ्याला सांगायची वेळ आली तर मी आरूत उडी घेईन. पण पान नाही. लिहिलं नसेल. मनातल्या मनात लिहिलं असेल. मन इतकं भरलेलं असतं हल्ली.

गुरुवार, ३ जुलै

बोलली. स्वतःहून विचारलं, तिन्हींत क्लच कोणाचा हलका. मी म्हटलं, माझा हात काय म्हातारीचा आहे? ती म्हणाली, "तुझा कोणी विचारला?" आणि वळून गेली.

सगळं डोक्यावरून जातं. दोन शब्द गोड बोलेल म्हणून जावं तर क्लच. गप्प बसावं तर "आणखी काही?"

रविवारी मामाकडे सुतळीने तिच्या डोक्याचा घेर मोजला, थट्टा म्हणून, कोणाचं डोकं मोठं ते बघू म्हणून. मामी, मामा, सगळ्यांचं मोजलं, म्हणजे कोणाला संशय नको. माझं सगळ्यांत मोठं निघालं. मामा म्हणाला, आत काय आहे ते नंतर बघू. आज तिच्या मापाचं हेल्मेट आणलं, निळं. पेटीत ठेवलंय. गाडी आली की देईन.

शनिवार, १२ जुलै

गाडीवरून आज मामाच्या घरी मोठी चर्चा झाली आणि मी आनंदाने वेडा व्हायचा राहिलो.

आडी महिना सतरापासून. आडीत नवीन वाहन कोणी घरी आणत नाही, सगळी गल्ली पाळते. मामी म्हणत होती, आडी सरल्यावर आणा. मुरलीकृष्ण मामाने पंचांग काढलं. म्हणाला, आडी तमिळांची, आपले महिने वेगळे, आपला श्रावण पंचवीसलाच लागतो. श्रावणात काय वाईट? शिवाय आडीत शोरूमवाले किंमत कमी करतात.

मामी म्हणाली, गल्ली काय म्हणेल? मामा म्हणाला, "वाहन घरात येऊ दे. ते धड चाललं की बाकीचं ठरवायला किती वेळ लागतो?"

बाकीचं. मी शांभवीकडे बघितलं. ती डाळ निवडत होती. मान वर केली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली, "तुझाच सल्ला घेऊन चाललंय सगळं." माझ्या गाडीची मामाला एवढी काळजी. आणखी काय पुरावा हवा?

निघताना अम्मासाठी मामीने डब्यात डांगरपच्चडी दिली. रस्त्यात थोडी सांडली. मी आज काहीही सांडलं असतं.

बुधवार, १६ जुलै

उद्यापासून आडी, म्हणून आजच वेडी बुक केली. टोकन दिलं. गाडी पंधरा दिवसांनी येईल म्हणाले. म्हैस मामाला आवडली असती. कारकून शांभवी सारखी मध्ये आणते. पण निर्णय पुरुषाने घ्यायचा असतो. मागची सीट छोटी, तर छोटी.

अप्पांना सांगितलं. विचारलं, "पुरता विचार केलास?" हो म्हटलं. "तिला विचारलंस?"

गाडीबद्दल सगळं विचारलंय म्हटलं. अप्पांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

घरी आल्यावर हिशेब मांडला. वेडी रोज सेहेचाळीस किलोमीटर चालवायची गाडी आहे का? मग मी काय बघून घेतली? तिसरा गिअर बघून. सकाळी रद्द करावी का? रद्द केली तर सतीशकुमारसारखे हसतील. तो दुसऱ्या शोरूमचा, त्याला कळणारही नाही. पण मला ते हसणं ऐकू येतं.

गुरुवार, २४ जुलै

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

दुपारी सुंदरने एक ब्रेकचा पार्ट आणायला पाठवलं. कारकूनच्या शोरूमच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथून आडवाट. मैदानात कारकून चालली होती. मागून सतीशकुमार धावत होता, एक हात मागच्या नळीला, एक हात सीटवर. आणि गाडीवर शांभवी.

ऑफिसच्या वेळेला ती तंजावुरात काय करत होती? त्याचा हात सीटवर का होता? ती हसत का होती? हे प्रश्न मला आता सुचतायत. तेव्हा काही सुचलं नाही. मी मैदान तुडवत गेलो आणि त्याची कॉलर धरली. पांढऱ्या शर्टावर माझी पाचही बोटं ग्रीसने उमटली. मी तमिळमध्ये जे बोललो ते इथे लिहिणार नाही.

गडबडीत शांभवीने ब्रेक दाबला. गाडी हळूच आडवी झाली आणि तिच्यासकट मातीत गेली. गुडघा खरचटला, सलवार फाटली. सतीशकुमार आणि मी दोघेही धावलो.

ती म्हणाली, "कोणी हात लावू नका."

उठली. गाडीकडे पाठ केली. सीटला टेकली, एक हात हँडलला, एक मागच्या नळीला, आणि पायांनी मागे चालत आली. पहिल्यांदा सरकली. दुसऱ्यांदा उठली. स्टँड लावला. हातांची माती पुसली. मग माझ्याकडे बघितलं.

"गाडी माझी आहे, श्रीकर. माझ्या पगाराची. सोमवारी नाव नोंदवलं."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, कसाला, मी सोडतो की. रोज."

मी म्हटलं, मग मी एवढा दीड महिना...

"तू दीड महिना मज सगळं विचारलंस. रंग, उंची, डोकं केवढं ते सुतळीने. एक गोष्ट विचारायची राहिली. मी वाट बघत होते."

कुठली गोष्ट, ते तिने सांगितलं नाही. सतीशकुमार कॉलर सरळ करत उभा होता. म्हणाला, सर, हिला अजून दोन दिवस शिकवायचंय, आम्ही सगळ्यांनाच शिकवतो. त्याने पुन्हा सर म्हटलं. एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार, २७ जुलै

तीन दिवस गॅरेजला गेलो नाही.

सगळी वही पहिल्यापासून वाचली. वाचताना वाटत होतं की ही दुसऱ्याच कोणाची तरी आहे, आणि तो मूर्ख आहे. थांबल्यावर पाय टेकायला हवा. पडली तर उचलता येईल काय. क्लच. ती पहिल्या दिवशी म्हणाली, चांगली गाडी बघ. कोणासाठी ते मीच भरलं.

पण मग खांद्यावरचा हात? तो खड्ड्यांसाठीच होता का? कानाच्या पाळ्या? आता काहीच धड वाचता येत नाही मला. ती रागावली आहे की संपलं आहे? वाट बघत होते म्हणाली. कशाची वाट बघते कोणी?

अम्मा दारातून दोनदा डोकावून गेली. मामीचा फोन आला होता. मला कोणी बोलावलं नाही.

बुधवार, ३० जुलै

सकाळी मैदानावर गेलो. सतीशकुमार एका म्हाताऱ्याला गाडी दाखवत होता. म्हाताऱ्याचं संपेपर्यंत थांबलो. मग म्हटलं, चुकलो. शर्ट धुवून देतो. तो म्हणाला, धुतला सर, डाग गेला नाही, आता गॅरेजला जाताना घालतो. आणि हसला. ते हसणं वाईट नव्हतं. आधीही नसेल.

सॉरी म्हणायला पाऊण मिनिट लागलं. कॉलेजच्या पत्रालाही बहुतेक तेवढंच लागलं असतं. असो.

घरी अप्पा एकटेच झोपाळ्यावर होते. मी विचारलं की शांभवी कशाची वाट बघत होती, तुम्हाला ठाऊक आहे का. झोपाळा चार वेळा पुढे-मागे झाला.

म्हणाले, "तुझा तक्ता घेऊन ती शाळेत आली होती. आतोबा, वाचून दाखवा म्हणाली. मी पुढची बाजू वाचली. उंची, वजन, क्लच."

आणि मागची?

"कागद पातळ आहे तुझा."

मला पंधरा तारीख आठवली. पान फाडलं तेव्हा मी फक्त कोरी बाजू बघितली होती. माझे कान इतके तापले की वेडीचं इंजिन परवडलं.

तिला वाचून दाखवलंत?

"वेडा आहेस? तिने विचारलं, मागे काय आहे. तिचं नाव तिला ओळखता येतं, शांभवी, तेवढं तिला मीच लहानपणी शिकवलं होतं. एका पानावर अकरा वेळा होतं. मी म्हटलं, हे त्याचं त्यालाच विचार. ती म्हणाली, मी नाही विचारणार, तो सांगेल." अप्पांनी पायाने झोपाळा थांबवला. "दीड महिना थांबली पोर. तू तिला टॉर्क सांगत बसलास."

आरू जवळच आहे. पण पाणी कमी आहे या दिवसांत.

तिला माझ्याकडून होय ऐकायचंय की स्वतः नाही म्हणायचंय? अप्पांना विचारलं. म्हणाले, "मी गणिताचा मास्तर. हे माझ्या विषयात येत नाही."

गुरुवार, ३१ जुलै

वेडीचं टोकन परत मागायला गेलो. दारापर्यंत जाऊन परत आलो. ओरत्तनाड नको असेल तर मला गाडी कशासाठी हवी होती? आणि ओरत्तनाडशिवायही हवी असेल तर? तिसरा गिअर माझाच होता, त्यात शांभवी कुठे होती? अप्पांचे ते पैसे एकदाच आहेत. काही ठरत नाही. उद्या बघू.

शुक्रवार, १ ऑगस्ट

घाईत लिहितोय. ती बाहेर उभी आहे.

आठला पाच मिनिटं असताना दारात हॉर्न वाजला. गल्लीतली चार दारं उघडली, आडीत कोणाचं नवीन वाहन म्हणून. निळी कारकून, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकू, दोन्ही टायरांना चिरडलेल्या लिंबांच्या बिया. मूलै अनुमारच्या देवळात पूजा करून आली होती. समोरच्या घरातल्या बाईने विचारलंच, आडीत? शांभवी म्हणाली, आमचा श्रावण आहे, मामी. आणि आत आली.

अम्माला नमस्कार केला. अप्पांना केला. मग माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. गुडघ्यावरची खपली सलवारीतून दिसत नव्हती, पण ती तो पाय जरा जपून टाकत होती. मी मान वर करत नव्हतो म्हणून मला पायच दिसत होता.

म्हणाली, "आज पहिल्यांदा ऑफिसला घेऊन जातेय. मोठ्या रस्त्याला अजून चालवली नाही. सूरक्कोट्टैचं वळण तुज ठाऊक. मागे बस."

मी म्हटलं, गल्ली बघतेय.

"बघू दे. मी नाही का बसले मागे?"

मग पर्समधून तो कागद काढला. चार घड्या पडून घडीवर फाटायला आला होता. माझ्या टेबलावर ठेवला, तक्ता खाली, दुसरी बाजू वर.

"हे मज वाचता येत नाही. तेवीस किलोमीटर आहेत. जाताना सांग. मी रस्त्याकडे बघेन, तुझ्याकडे नाही."

आणि काय म्हणणार तू? माझ्या तोंडून एकदम निघून गेलं.

"ऐकल्याशिवाय कसं सांगू?" म्हणाली आणि बाहेर गेली. अप्पांनी शाळेची पिशवी उचलली होती ती पुन्हा खुंटीला अडकवली.

म्हणजे काय? होय की नाही? नाही म्हणायचं असेल तर तेवीस किलोमीटर कशाला? होय म्हणायचं असेल तर एवढा कडक आवाज कशाला? पान वाचून बघितलं. फार वाईट लिहिलंय. एका ठिकाणी मी तिच्या हाताला लोणी म्हटलंय आणि त्याच्या चार दिवस आधी क्लचलाही. प्रत्येक श पडायला आलेला आहे. हे मोठ्याने वाचायचं, वाऱ्यात, तिच्या पाठीला.

पान वहीत चिकटवत नाही. खिशात घेतो.

पेटीतून निळं हेल्मेट काढलं. गाडीही निळीच निघाली, हे मला ठाऊक नव्हतं. तिला देईन. माझ्या डोक्याला अप्पांचं जुनं, बकल तुटलेलं, सुतळीने बांधायचं. तीच सुतळी.

दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. वही उशीखाली. या खोलीचं दार जोराने ओढल्याशिवाय लागत नाही, आणि आवाज गल्लीपर्यंत जातो. तिला कळेल मी निघालो ते. ओढतो.